देणं आपल्याकडे निघतं

मंचावरची वडीलधारी मंडळी आणि टावर चौकातल्या गाड्यांचे भोंगे सहन करत बसलेले श्रोतेहो,

अध्यक्षाने आधी आभार मानायचे, मग राणोजी शिंद्यांचं नाव घ्यायचं, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं याची आठवण करून द्यायची, माळव्यात आपण मराठी कशी टिकवली ते सांगायचं आणि सगळ्यांना जेवायला सोडायचं, असा आपला रिवाज आहे. आभार मानतो. बाकीचं आज माझ्याच्याने होणार नाही, कारण कार्यक्रमपत्रिकेत व्याख्यानाचा विषय ‘आदिवासींचे हक्क आणि आपण’ असा छापलाय. यातला ‘आपण’ कोण, ते आज बोलून टाकू.

आपण म्हणजे इथले एकेकाळचे राज्यकर्ते. शिंदे, होळकर, धार-देवासचे पवार. कुणी सरदार, कुणी फडणीस, कुणी कारकून. माझे पूर्वज कारकूनच होते. आदिवासींवर अन्याय इंग्रजांनी केला, असं म्हणून हात झटकता येतात, पण इंग्रज आला तो 21 डिसेंबर 1817 ला, इथून जवळच महिदपूरला, याच क्षिप्रेच्या काठावर होळकरांची फौज मोडून. त्याआधी घाटाघाटांतल्या भिल्लांना कोण वागवत होतं आणि कसं? खानदेशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने कोपरगावला भिल्लांना बोलावून आणलं, दगा देऊन पकडलं आणि दोन विहिरींत लोटलं, ही नोंद गॅझेटियरमध्ये आहे. गॅझेटियर इंग्रजांचं, आपल्याला काळं फासण्यात त्यांचा फायदा होता, हे मला कळतं. म्हणून विहिरी खोट्या ठरत नाहीत.

इंग्रजाने काय केलं तेही ऐका. त्याने भिल्लाला मारणं कमी केलं आणि त्याची जमीन कागदावर मारली. 1878 चा वन कायदा आला आणि रेघ मारलेलं सारं रान सरकारचं झालं. काल जो बांबू तोडत होता तो आज चोर ठरला. 1927 चा कायदा त्याचाच धाकटा भाऊ, आणि तो आजही नांदतोय. 1947 ला झेंडा बदलला, नाक्यावरच्या वनरक्षकाची वही बदलली नाही.

या मुलखाने इंग्रजाला मुकाट्याने सोसलं नाही, वन कायद्याच्या आधीही नाही. सेंधवा-बडवानीच्या डोंगरांत भीमा नायक आणि खाज्या नायक उठले. 11 एप्रिल 1858 ला अंबापाणीला लढाई झाली, तीत बायकाही लढल्या. तात्या टोपेंना नर्मदा ओलांडायला भीमा नायकाने मदत केली असं निमाडात सांगतात. तात्यांची जयंती आपण करतो. भीमा नायक अंदमानात मेला, त्याचं नाव आपल्या एकाही वक्तृत्व स्पर्धेच्या विषयांत मला दिसलेलं नाही. तंट्या भिल्ल खंडव्याकडचा. सावकाराला लुटून गरिबाला वाटणारा तंट्यामामा विश्वासघाताने पकडला गेला आणि 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला फासावर गेला. महू-खंडवा मीटरगेजची गाडी पातालपाणीला त्याच्या ठाण्यापुढे थांबायची, हे इथल्या पांढऱ्या केसांच्या लोकांनी खिडकीतून पाहिलंय. आता खरगोनला त्याच्या नावाचं विद्यापीठ आहे. छान आहे. पण पुतळा आणि विद्यापीठ सरकारला परवडतात, कारण ते जमीन मागत नाहीत. मामाचे नातू-पणतू मागतात.

मागितली की काय होतं? 9 जुलै 2019. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं सिवल गाव. बुऱ्हाणपूर म्हणजे लांब नव्हे, आपल्यातल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी तिथल्या. नेवाडाची, म्हणजे रान मोकळं करून कसलेली शेतं वाचवायला बारेला आदिवासी माणसं उभी राहिली आणि वनखात्याच्या लोकांनी त्यांच्यावर छऱ्याच्या बंदुका चालवल्या. माणसं जखमी झाली. त्या आठवड्यात आपण इथे आषाढी एकादशी साजरी केली.

आता जवळचं बोलतो, आणि हे झोंबावं म्हणूनच बोलतो. 2016 च्या सिंहस्थात आपण कुठल्या पाण्यात न्हालो? घाट क्षिप्रेचा, पाणी नर्मदेचं. ओंकारेश्वर प्रकल्पाचं पाणी सुमारे साडेतीनशे मीटर उपसून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडलं, 2014 पासून ते वाहतंय. त्याच ओंकारेश्वर धरणाच्या फुगवट्यात, खंडवा जिल्ह्यातल्या घोगलगावला, 2012 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात बायाबापड्या 17 दिवस छातीभर पाण्यात उभ्या होत्या. जमिनीच्या बदल्यात जमीन द्या, धरणाची पातळी वाढवू नका, एवढीच मागणी. पायांची कातडी पांढरी पडून सोलून निघाली, ते फोटो पेपरांत छापून आले. सगळे आदिवासी नव्हते, शेतकरी होते, मजूर होते. सरकारने जमीन देण्याचं कबूल केलं, तेव्हा ते बाहेर आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नर्मदा-क्षिप्रा जोडणीचं भूमिपूजन झालं. आणि 2015 मध्ये तीच माणसं त्याच घोगलगावात पुन्हा पाण्यात उतरली, कारण कबूल केलेलं मिळालं नव्हतं. पुण्य आपल्याला मिळालं, पायांना फोड त्यांना आले. 2028 चा सिंहस्थ तोंडावर आहे. तेव्हाही आपण न्हाणारच, मीही न्हाणार. पण पाण्याची थकबाकी कुणाच्या नावावर आहे हे ठाऊक असू द्या.

नर्मदेच्या खालच्या अंगाला, सरदार सरोवरात, महाराष्ट्रातली 33 गावं गेली. पहिलं मणिबेली. भिल्ल आणि पावरा आदिवासींची गावं. 19 नोव्हेंबर 1993 ला चिंचखेडीला पोलीस गोळीबारात रेहमल पुन्या वसावे हा कोवळा मुलगा मेला. त्याच वर्षी जागतिक बँकेने या धरणातून अंग काढून घेतलं होतं, ज्या बँकेला दयामाया नाही म्हणून आपण शिव्या देतो त्या बँकेने. आणि मराठी साहित्य संमेलनांनी? ठराव सीमाप्रश्नाचे, अभिजात दर्जाचे. दोन्ही रास्त. पण मराठी मुलखातलीच गावं बुडत असताना आपला घसा इतका बसावा?

मी आपल्या उज्जैनचंच उदाहरण देतो. विष्णु श्रीधर वाकणकरांनी 1957 मध्ये भीमबेटकाची गुहाचित्रं जगासमोर आणली. हजारो वर्षांपूर्वीची माणसं, त्यांची शिकार, त्यांचे नाच. केवढा अभिमान आपल्याला! ‘या देशातला सगळ्यात जुना चित्रकार आमच्या वाकणकरांनी शोधला.’ आणि आज रानात राहणाऱ्या माणसाला सरकार विचारतं, तू इथे 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून होतास याचा पुरावा काय?

हा प्रश्न वनहक्क कायद्यातला, 2006 चा. कायदा चांगला आहे. ऐतिहासिक अन्याय झाला, हे संसदेने त्याच्या प्रास्ताविकात स्वतः कबूल केलंय. पण मध्यप्रदेशात साडेतीन लाखांवर दावे फेटाळले गेले. 13 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्यांना हटवा म्हटलं, 28 फेब्रुवारीला स्वतःच स्थगिती दिली, आणि मग सरकारने फेरतपासणी काढली ती ‘वनमित्र’ नावाच्या पोर्टलवर. अलीराजपूरच्या फलियात, म्हणजे पाड्यात, मोबाईलला रेंज यायला टेकडीवर चढावं लागतं. म्हातारा टेकडीवर चढेल, पण तिथे अर्ज भरून देणारं कोण?

इथे माझा मुद्दा येतो. त्या कायद्याच्या नियमांत पुरावे म्हणून काय काय चालतं ते वाचा. गावातल्या म्हाताऱ्याचं निवेदन चालतं. जुनी विहीर, बांध, दफनाची जागा चालते. आणि पूर्वीच्या संस्थानांनी दिलेल्या हक्कांच्या, सवलतींच्या नोंदी चालतात. होळकरांच्या, शिंद्यांच्या, धारकरांच्या नोंदी. त्या कुठल्या लिपीत आहेत? मोडीत. घाटाच्या रखवालीबद्दल भिल्ल नायकांना मिळणारे हक्क, कुठल्या पाड्याला काय सूट, हे त्या दप्तरांतून निघू शकतं. आणि आपल्याकडे दरवर्षी मोडीचे वर्ग चालतात. मुलं-मुली प्रमाणपत्रं घेतात, फोटो काढतात आणि पुढे कुणी एक ओळ वाचत नाही. ज्या कारकुनीच्या जोरावर आपण इथे राज्य केलं, ती आता त्यांच्या कामाला लावा.

समोर वकील बसलेत, निवृत्त पटवारी बसलेत, बँकवाले बसलेत, आयुष्यभर दुसऱ्यांचे फॉर्म भरलेली माणसं. मला आदिवासी नृत्याचा कार्यक्रम नको आहे. पाहुण्याला तीरकमठा भेट देणंही नको.

आजच्या ठरावांत पहिला ठराव आपल्या समाजाच्या सभागृहासाठी शासनाकडे भूखंड मागण्याचा आहे. मागा. पण अध्यक्ष म्हणून मी त्याच्याआधी दुसरा घेतोय: या संस्थेचा मोडी वर्ग पुढच्या वर्षापासून बुऱ्हाणपूर, बडवानी आणि अलीराजपूर जिल्ह्यांतल्या वनहक्क दाव्यांसाठी कागद शोधेल आणि वाचून देईल, प्रवासखर्च संस्था करेल, आणि पाच वकील विनामूल्य उभे राहतील. सूचक मी. अनुमोदक पाहिजे. विरोध असेल त्याने बसल्या जागेवरून कुजबुजू नये, उठून नाव सांगून बोलावं. चिटणीसांनी नाव लिहून घ्यावं.