‘लूक’ म्हणजे नुसतं बघणं नव्हे

(इंग्रजी संभाषण वर्गातल्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला ‘नोकरीसाठी इंग्रजी’ असा भलामोठा विषय दिला होता. मी तो कापत कापत एका शब्दावर आणला आहे. शब्द आहे ‘लूक’. हसू नका. पहिलीतल्या मुलाला येतो हे मलाही माहीत आहे. पण सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर सांगतो, नवी मुलं ऑफिसात अडतात ती असल्याच शब्दांवर. ‘आर्किटेक्चर’, ‘इम्प्लिमेंटेशन’ त्यांना येतं, कारण ते अभ्यासक्रमात होतं. मॅनेजर ‘लूक ॲट इट’ म्हणाला की ‘लूक इंटू इट’ म्हणाला, हा फरक मात्र कुणी शिकवलेला नसतो. पहिल्यात एक नजर टाकली तरी भागतं. दुसऱ्यात खोलात जाऊन, कारण शोधून, सांगायचं असतं. मुलगा स्क्रीन उघडतो, बघतो, ‘बघितलं सर’ म्हणतो आणि जेवायला जातो. मॅनेजर कारणाची वाट बघत बसतो. मुलगा आळशी नसतो, पण त्याच्या नावापुढे शेरा पडतो.

आधी ‘सी’ आणि ‘लूक’ वेगळे करू. हे आपल्याला दुसऱ्या कुणापेक्षा सोपं जायला हवं. रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटल्यावर आपण सगळे गच्चीवर जातो. सगळे बघत असतात, दिसतो कुणाला तरीच. बघणं म्हणजे ‘लूक’, दिसणं म्हणजे ‘सी’. ‘आय लुक्ड, बट आय डिडन्ट सी इट.’ बघितलं, पण दिसला नाही. एक प्रयत्न आहे, दुसरं फळ आहे. आणि कुणी खुर्ची टाकून पश्चिमेकडे डोळे लावून बसलाच, तर तो ‘वॉच’ करतो आहे, म्हणजे वेळ घालवून, बदल टिपण्यासाठी बघतो आहे. म्हणून मॅच ‘वॉच’ करतात आणि फोटोकडे ‘लूक’ करतात.

‘सी’चा अजून एक अर्थ लक्षात ठेवा, समजणं. मुलाखत घेणारा मध्येच ‘आय सी’ म्हणतो, तेव्हा त्याला काही दिसलेलं नसतं. ‘अच्छा, कळलं’ एवढाच त्याचा अर्थ. ते कौतुक नाही आणि नापसंतीही नाही. घाबरून उत्तर बदलू नका.

आता मुख्य गोष्ट. ‘लूक’च्या मागे एक बारकासा शब्द लागतो आणि अर्थ कुठल्या कुठे जातो. ‘लूक फॉर’ म्हणजे शोधणं. ‘लूक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं. ‘लूक अप’ म्हणजे कोशात किंवा यादीत शोधणं. एक्सेलमध्ये ‘व्ही-लूकअप’ वापरता, तो हाच. ‘लूक अप टू’ म्हणजे एखाद्याला मानणं आणि ‘लूक डाउन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणं. मुलं वैतागतात, म्हणतात ही पाठांतराची भाषा आहे, हिला नियम नाही.

नियम आहे, आणि तो तुमच्या घरात आहे. मराठीतले चार शब्द घ्या: अपेक्षा, उपेक्षा, परीक्षा, प्रतीक्षा. चारही एकाच संस्कृत धातूचे, ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणं. पुढे ‘अप’ लागला की आशेनं पाहणं, ‘उप’ लागला की पाहून न पाहिल्यासारखं करणं, ‘परि’ लागला की चहूबाजूंनी पारखणं, ‘प्रति’ लागला की वाटेकडे डोळे लावणं. निरीक्षण आणि समीक्षा पण त्याच घरातली. दहावीच्या परीक्षेची प्रतीक्षा करताना घरच्यांच्या अपेक्षा आणि मास्तरांची उपेक्षा सोसलेल्या मुलाला ‘लूक’ची भीती वाटायचं कारण नाही. संस्कृतनं तुकडा पुढे लावला, इंग्रजी मागे लावते, एवढाच फरक.

आता अरबीकडे या. आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी अरबी अक्षरं गिरवली आहेत, अर्थ कळो न कळो. ‘नजर’ हा शब्द नून, झो, रे या तीन अक्षरांचा. अरबी पुढे-मागे तुकडे जोडण्यापेक्षा त्या तीन अक्षरांना वेगवेगळ्या साच्यांत ओतते. एका साच्यातून ‘मंजर’ निघतो, म्हणजे दृश्य. दुसऱ्यातून ‘इंतजार’. वाट बघण्यातही बघणं आहेच, आपण मराठीत ‘वाट पाहतो’ म्हणतो ना, तसंच. आणखी एका साच्यातून ‘नाझिर’, देखरेख करणारा. तो आपल्या कोर्टात आणि तहसील कचेरीत ‘नाझर’ म्हणून आजही बसलेला असतो. इंग्रजीत त्याला ‘ओव्हरसीअर’ म्हणाल. (‘नजराणा’ मात्र यातला नाही. तो ‘नज्र’चा, म्हणजे नवसाचा आणि भेटीचा. अरबीत त्याचं मधलं अक्षर वेगळं आहे, झाल. मराठीत आल्यावर दोघांचा ‘ज’ एकच झाला.)

सूरह बकराच्या १०४ व्या आयतीत प्रेषितांशी बोलताना एक शब्द टाळून दुसरा वापरायला सांगितलं आहे. तो दुसरा शब्द याच नून-झो-रे धातूचा आहे, आणि भाष्यकार त्याचे दोन्ही अर्थ सांगतात: आमच्याकडे पाहा, आणि आमच्यासाठी थांबा. टाळलेल्या शब्दाचा वेडावाकडा अर्थ काढून लोक खोचकपणा करायचे, असं भाष्यकार सांगतात. म्हणजे साध्या शब्दामागचा हेतू ओळखावा, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

इंग्रजीतही ‘वेट’ या शब्दाचं मूळ पहारा देण्यात, टक लावण्यात आहे. ‘एक्स्पेक्ट’ लॅटिनमधल्या पाहण्याच्या धातूवरून आला. ‘इन्स्पेक्ट’, ‘रिस्पेक्ट’ आणि ‘सस्पेक्ट’ही त्याच धातूचे. ‘रिस्पेक्ट’ म्हणजे मुळात वळून पुन्हा पाहणं, ‘सस्पेक्ट’ म्हणजे खालून, आडून पाहणं. आदर आणि संशय यांच्यात एका उपसर्गाचं अंतर आहे. यावर मी जास्त बोलत नाही, तुम्ही सगळे बस स्टँडवर आणि विमानतळावर उभे राहिलेले आहात.

घरी कुणी दखनी बोलतं, कुणी कोकणी, कुणी सरळ मराठीच. शाळा मराठी किंवा उर्दू, सिनेमा हिंदी, नमाज अरबीत. ‘आमचं इंग्रजी कच्चं आहे सर’ असं तुम्ही म्हणता तेव्हा मला गंमत वाटते. पाच भाषांमधून रोज ये-जा करणाऱ्याला सहावी जड का जावी? जड जाते, कारण आपण तिला शब्दशः भाषांतरानं भिडतो.

त्यातलं एक उदाहरण. मराठीत बोलायला सुरुवात करताना आपण म्हणतो, ‘हे बघा सर...’ घरी म्हणतो, ‘देखो...’ त्यात काही वावगं नाही, उलट आपुलकी आहे. तेच जसंच्या तसं उचलून मीटिंगमध्ये ‘लूक, सर...’ म्हणालात, तर समोरच्याला तुम्ही चिडलेले वाटता. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीचा ‘लूक’ बहुतेकदा हुज्जत घालायच्या तयारीचा असतो. काहीही न लावता सरळ मुद्द्यावर या.

दुसरं ईमेलचं. शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ असं लिहिणारे हजारो लोक आहेत. तिथे ‘हिअरिंग’ हवं. कारण हा ‘टू’ क्रियापदाचा नाही, तो ‘कडे’ या अर्थाचा आहे. ‘तुमच्याकडून ऐकण्याकडे डोळे लावून बसलो आहे.’ ऐकण्याकडे, म्हणून ‘हिअरिंग’. मराठीतला हा ‘कडे’ डोक्यात ठेवा, चूक होणार नाही. आणि हो, ‘लूक आफ्टर’ला ‘सांभाळणे’ पाठ करायची पण गरज नाही. गावाकडे विचारतात, ‘अम्मीकडे आता कोण बघतं?’ तिथं बघणं म्हणजे काय, हे कुणाला समजवावं लागत नाही.

एक फसवा शब्द सांगतो, ‘ओव्हरसाइट’. याचे दोन उलटे अर्थ आहेत: देखरेख, आणि नजरेतून सुटल्यामुळे झालेली चूक. संदर्भ बघूनच कळतं. ‘ओव्हरसी’ म्हणजे देखरेख करणं, ‘ओव्हरलूक’ म्हणजे दुर्लक्ष होणं किंवा करणं. तुम्ही प्रोजेक्ट ‘ओव्हरसी’ केला असं बायोडेटात लिहायचं आहे. ‘ओव्हरलूक’ केला असं लिहिलंत तर मुलाखतीचं बोलावणं येणार नाही. पण ‘द रूम ओव्हरलुक्स द सी’ म्हणजे खोलीतून समुद्र दिसतो, तिथे कुणी कुणाकडे दुर्लक्ष करत नाही.

आता ज्यासाठी मी हा शब्द निवडला, तिथे येतो.

‘आय लूक ॲट यू’ या वाक्यात बघणारा कर्ता आहे. ‘यू लूक टायर्ड’ या वाक्यात, ज्याच्याकडे बघितलं तो कर्ता झाला, आणि बघणारा वाक्यातून गायब झाला. मराठीत ‘तू दमलेला दिसतोस’ म्हणतो, तिथेही तसंच. व्याकरणाची ही छोटी हातचलाखी आहे. मत बघणाऱ्याचं असतं, पण ते बघितलेल्याच्या अंगावर गुणधर्मासारखं चिकटतं.

‘यू डोंट लूक लाइक अ मुस्लिम.’ हे वाक्य ज्यांनी ऐकलं आहे त्यांनी हात वर करा. ...बघा. जवळजवळ सगळे. मराठीत, ‘तुम्ही मुस्लिम वाटत नाही हो.’ मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ऐकलं आहे, ट्रेनमध्ये ऐकलं आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे. म्हणणारा बहुतेकदा चांगल्या मनानं, कौतुक म्हणून म्हणतो. म्हणून रागवायचं की हसायचं कळत नाही. बहिणींचा अनुभव आणखी वेगळा. डोक्यावर ओढणी नसेल तर ‘दिसत नाही’, असेल तर ‘बोलण्यावरून वाटलं नव्हतं’.

माझ्या धंद्यात एक पद्धत आहे. आपण लिहिलेला कोड दुसरा इंजिनिअर तपासतो. पसंत पडला की तो चार अक्षरं लिहितो: एल, जी, टी, एम. ‘लूक्स गुड टू मी.’ मला बरा वाटतो. शेवटचं ‘टू मी’ फार महत्त्वाचं आहे. तपासणारा असा दावा करत नाही की कोड निर्दोष आहे. तो म्हणतो, माझ्या नजरेला, मी जेवढं बघितलं तेवढ्यात, ठीक दिसला. उद्या बग निघाला तर ‘माझ्या नजरेतून सुटलं’ असं म्हणायला जागा राहते. गायब झालेला बघणारा या दोन शब्दांनी वाक्यात परत येतो. मराठीत हे काम ‘मला’ करतो. ‘मला वाटत नाही’ आणि ‘तू वाटत नाहीस’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

म्हणून कुणी ‘यू डोंट लूक लाइक...’ म्हणालं, तर मी न चिडता विचारतो, ‘व्हॉट वुड आय लूक लाइक?’ कसा दिसायला हवा होतो मी? बहुतेक वेळा समोरचा थांबतो. त्याच्या डोक्यात सिनेमातला एक माणूस असतो, त्याचं वर्णन तोंडाने करायची त्यालाच लाज वाटते. कधीकधी तिथून चांगलं बोलणं सुरू होतं. कधी नाही होत. आपण वापरतो त्या वाक्यांचीही झडती घ्या मात्र. आपणही म्हणतोच ना, ‘तो चांगल्या घरचा दिसत नाही’?

शेवटचा प्रकार, ज्यात बघणारा मुद्दाम गायब केलेला असतो. ‘द मॅटर विल बी लुक्ड इंटू.’ प्रकरणात लक्ष घातलं जाईल. कोण घालणार? कधी? वाक्यात माणूस नाही आणि तारीखही नाही. स्कॉलरशिप अडली, जातीचा दाखला रखडला, गल्लीतलं गटार तुंबलं की हे उत्तर मिळतं. त्यावर एकच प्रश्न लेखी विचारायचा: ‘बाय हूम, अँड बाय व्हेन?’ मराठीत विचारा, तोही चालतो. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे आणि त्यात साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देण्याचं बंधन आहे. अर्जावर कोणत्या तारखेला कोणत्या अधिकाऱ्यानं काय कार्यवाही केली, त्याच्या नोंदींची प्रत मागता येते. म्हणजे ‘लुक्ड इंटू’ला कर्ता मिळतो, नाव आणि हुद्द्यासकट.

भाड्याचं घर शोधताना हे जमत नाही, तेही सांगतो. फोनवर सगळं ठरतं, डिपॉझिट ठरतं, मग नाव विचारतात. त्यानंतर येणारं ‘बघतो आणि कळवतो’ हे कुठल्याच भाषेत ‘आय विल लूक इंटू इट’ नसतं. ते ‘नाही’ असतं. मी आता नाव पहिल्याच वाक्यात सांगतो. दोन्ही बाजूंचा वेळ वाचतो, आणि जो नाव ऐकूनही ‘या, घर बघून जा’ म्हणतो, त्याच्याकडे आधी जातो. सध्या राहतो ते घर असंच मिळालं. मालकांनी आधी दारं-खिडक्या दाखवल्या, मग विचारलं, मटण बिर्याणी कधी?

पुढच्या रविवारी ‘टेक’ घेऊ. येताना प्रत्येकानं घरच्या बोलीतले बघण्याचे पाच वाक्प्रचार लिहून आणा, इंग्रजी न करता. नजर लागणे, डोळा असणे, बघून घेणे, काहीही चालेल. मग बसून ठरवू, त्यातल्या कशाला ‘लूक’ पुरतो आणि कशाला नाही.