मोगली चाळिशीला आला



वसंतातल्या व्याख्यानांत ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत सर्व काही येऊन जाते. तेव्हा जपानी चित्रमालिका आणि व्हिडिओ गेम ह्यांच्या आठवणींवर आम्ही बोलणार हे ऐकून काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळावर आठी पडली असेल, तर ती आम्ही रास्तच समजतो. पोरखेळावर कसले व्याख्यान? पण तो खेळ खेळणारी पोरे आता पोरे राहिलेली नाहीत. १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘द जंगल बुक’ पाहणारी मुले आज चाळिशीत आहेत. कानशिलांवर पांढरे केस आले आहेत, घराच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत. आणि त्या मालिकेच्या शीर्षकगीताची चाल कोठून कानी पडली, की हीच माणसे हातातले काम टाकून क्षणभर थांबतात. हे थांबणे म्हणजे काय, एवढाच आजचा विषय.

मराठीत ह्याला स्मरणरंजन म्हणतात. युरोपात त्याचे बारसे झाले ते रोग म्हणून. १६८८ साली योहानेस होफर ह्या स्विस वैद्यकाने आपल्या प्रबंधात, परमुलखात राहणाऱ्या माणसांना गावाच्या ओढीने जडणाऱ्या आजाराचे वर्णन केले व त्याला नाव दिले. त्या रोगावर उतारा सोपा होता: रोग्याला गावी धाडावे. पुढे त्या शब्दाचा अर्थ पालटला व ती ओढ गावाऐवजी काळाची झाली. आता रोग्याला धाडायचे कोठे? जपानी माणूस मात्र ह्या बाबतीत अधिक सुखी दिसतो. जुनी वस्तू अवचित भेटली की तो ‘नात्सुकाशी’ म्हणतो, आणि त्या उद्गारात हळहळीपेक्षा भेटीचा आनंदच जास्त असतो.

मोगलीचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले, कारण तो आपला शेजारी. किपलिंगचे मूळ पुस्तक १८९४ चे. त्यातील लांडग्यांचा कळप सिवनीच्या डोंगरांतला आणि नदी वैनगंगा. सिवनी म्हणजे येथून जबलपूरच्या रस्त्याने दोन-अडीच तासांची वाट. पुस्तक निघाले तेव्हा तर हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातच होता. आता योगायोग पाहा. एका इंग्रजाने अमेरिकेत व्हर्माँट येथे बसून आपल्या शेजारच्या अरण्याच्या कथा लिहिल्या. १९८९ साली जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने त्यांची बावन्न भागांची मालिका केली. तिच्या हिंदी रूपासाठी गुलजारांनी गीत लिहिले, विशाल भारद्वाजांनी चाल दिली, आणि शेरखानाला आवाज दिला आपल्या नाना पाटेकरांनी. इतकी पृथ्वीप्रदक्षिणा करून मोगली धरमपेठेतल्या आणि महालातल्या घरांत उतरला. सिवनी आणि छिंदवाडा ह्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या ज्या पेंच नदीचे पाणी नागपूर पिते, तिच्याच काठचे हे रान, ही गोष्ट ते पाणी पिऊन मोगलीसाठी धावत घरी येणाऱ्या किती मुलांच्या ध्यानी आली असेल?

पण आठवणीत राहते ते काय? आमच्या मते चित्र फारसे नव्हे. राहतो तो आवाज. टोकियोतील एखाद्या गृहस्थाने लहानपणी हीच मालिका, हीच चित्रे पाहिली असतील; परंतु आपले शीर्षकगीत त्याच्यापुढे लावले तर त्याला काहीच आठवणार नाही, कारण ते त्याच्या मालिकेत नव्हतेच. म्हणजे चित्र दोघांचे सारखे आणि बालपण वेगळे. आणखी एक गोष्ट येथे बोलून टाकतो. ह्या मुलांची घरे मराठी, आई हाक मारी ती मराठीत, आणि बालपणीचा जो ठेवा ती आज उराशी धरतात तो मात्र हिंदीत आहे. १९५६ पर्यंत दोन भाषांच्या राज्याची राजधानी असलेल्या ह्या शहराला त्याचे नवल वाटले नाही. आम्हांला थोडे वाटते. मराठी मोगली का निघाला नाही, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

ह्या आवाजाची गोष्ट २०२५ च्या जानेवारीत अधिक स्पष्ट झाली. युगो साको ह्या जपानी दिग्दर्शकाने आपल्या राम मोहन ह्यांच्या साहाय्याने काढलेला रामायणावरील चित्रपटही मोगलीच्याच सुमाराचा. येथल्या मुलांनी तो पाहिला तो मुख्यतः पुढे दूरचित्रवाणीवर. त्याच्या हिंदी रूपात रामाचा आवाज अरुण गोविलांचा आणि रावणाचा अमरीश पुरींचा. तो चित्रपट २४ जानेवारी २०२५ रोजी भारतभर चित्रपटगृहांत लागला. चित्रे लख्ख उजळलेली, पडदा मोठा; तिशी-चाळिशीची माणसे आपल्या मुलांचे बोट धरून गेली. परंतु हिंदी ध्वनिमुद्रण नवे होते. रावणाने तोंड उघडले आणि भलताच माणूस बोलू लागला! अमरीश पुरी २००५ सालीच निवर्तले. तो आवाज पुन्हा मुद्रित होणे नाही. मुले खूष झाली, बाप थोडे गप्पगप्प बाहेर पडले असतील तर त्यात नवल नाही. जी वस्तू पुन्हा भेटावी म्हणून तिकीट काढले, तीच तेवढी वगळून बाकी सारे सुधारून मिळाले होते.

खेळांची तऱ्हा थोडी निराळी. ‘समुराई’ आणि ‘मीडिया’ ह्या नावांची यंत्रे टीव्हीला जोडून ही पिढी मारिओ खेळली. कॅसेट चालेनाशी झाली की काढून तिच्यात फुंकर मारायची, हा त्या काळचा सार्वत्रिक उपचार. खरे पाहता फुंकरीतल्या ओलाव्याने आतली धातूची टोके खराबच होत. गुण येई तो काढून पुन्हा बसविण्याचा. पण आजही त्या माणसांपुढे हा पंडितपणा करून पाहा, कोणी मानणार नाही! १९८५ च्या त्या मारिओत कोपऱ्यात वेळेचा आकडा उतरत असे. त्यातला एक आकडा म्हणजे घड्याळाच्या सेकंदाचे जेमतेम चार दशांश. चारशेचा आकडा पुरता तीन मिनिटेही टिकत नसे. आणि खेळ जेथे सोडला तेथून उद्या सुरू करण्याची सोय नव्हती. विदर्भातल्या भारनियमनाचे दिवस आठवा: बाहेर पंचेचाळीस अंश, कूलर घरघरतो आहे, पोरगा सातव्या जगात पोहोचला आहे, आणि वीज गेली. कूलरही बंद, मारिओही बंद. वीज आल्यावर पुन्हा पहिल्या विटेपासून आरंभ. ज्यांनी हे सोसले, त्यांना आजचे सर्व सोयींनी युक्त खेळ सपक वाटतात. त्यात वयाचा भाग आहेच. पण धीर धरून मिळविलेली गोष्ट मनात खोल रुतते, हेही खोटे नाही.

काळाचा हिशेब पाहायचा तर ‘पोकेमॉन’मधला ॲश पाहावा. १९९७ साली जपानात तो घराबाहेर पडला तेव्हा दहा वर्षांचा होता. २०२३ साली त्याने निरोप घेतला तेव्हाही दहाचाच. आपल्याकडे ती मालिका २००३ साली आली. त्या वर्षी दहा वर्षांचा असलेला नागपूरचा मुलगा ॲशला निरोप देताना तिशीला पोहोचला होता. मधल्या काळात तो इंजिनियर झाला, हिंजवडीला गेला, कदाचित लग्नही झाले. बरोबरीचा सोबती मागेच उभा राहिला आणि आपण तेवढे पुढे आलो, ही जाणीव त्याला झाली असेल तर ती काही पोरकट म्हणता येणार नाही.

शिवाय ह्या वस्तूंचे आयुष्य फार थोडे. आजोबांच्या पेटीतला ‘चांदोबा’चा अंक पिवळा पडतो, पण वाचता येतो. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ नावाच्या मोटारींच्या खेळाची यंत्रणा बंद केली, तेव्हा दाम मोजून तो घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. एकट्याने देखील नाही. त्यावरून युरोपात चळवळ उठली आणि तिच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. आपली आठवण दुसऱ्याच्या कुलपात आहे, हे त्या लोकांना त्या दिवशी कळले.

आपल्याकडे कुलूप लावणाऱ्याची वाट पाहण्याची गरज नाही, त्यासाठी माळा पुरेसा आहे. त्या काळी कित्येक घरांनी व्हीसीआरवर रविवारचे कार्यक्रम उतरवून ठेवले होते, जाहिरातींसकट. त्या टेपा आज माळ्यावर, पत्र्याखाली, नागपूरचा मे महिना सोसत पडल्या आहेत, आणि चुंबकीय फितीला उष्णता व दमट हवा मानवत नाही. दिवाळीच्या साफसफाईत त्या भंगारवाल्याच्या तागडीत जाण्यापूर्वी एकदा वरचे लेबल वाचा. एखादीवर बालहस्ताक्षरात ‘मोगली’ असे लिहिलेले असेल, तर व्हीसीआर शोधून ती लावा, तिची प्रत करून घ्या, आणि ज्याचे अक्षर आहे त्याला पुण्याला फोन करून कळवा.