नोंदींचे चावडीवाचन



अध्यक्षीय भाषणात विषयाची थोरवी गायची प्रथा आहे. आजच्या विषयाची थोरवी गायला मात्र कोणी धजावणार नाही. ग्राहकांच्या नोंदी सीआरएमच्या एका खात्यातून उचलायच्या आणि दुसऱ्या खात्यात नेऊन ठेवायच्या, एवढेच हे काम. नीट पार पडले तर कोणाच्या लक्षातही येत नाही आणि बिघडले तर पहिला फोन ग्राहकाचाच येतो. असे फोन घेतलेली मंडळी या सभागृहात थोडीथोडकी नसावीत.

खाते बदलायची वेळ बहुधा सॉफ्टवेअरमुळे येत नाही, व्यवहारामुळे येते. एक कंपनी दुसरी विकत घेते, दोन भाऊ धंदा वाटून घेतात, दोन विभागांची एकच विक्री शाखा होते. मग बैठकीत कोणीतरी हमखास म्हणतो, ‘दोघांकडे एकच सॉफ्टवेअर आहे ना? मग जोडायला कितीसा वेळ!’ दोन घरांत एकाच कंपनीची कपाटे असली म्हणून आतली लावणी सारखी नसते. एकाकडे ज्याला ‘लीड’ म्हणतात त्याला दुसरा ‘एन्क्वायरी’ म्हणतो. एकाची ‘ऑर्डर’ पैसे आल्यावर ठरते, दुसऱ्याची ग्राहकाने मान डोलावली की ठरते. सेल्सफोर्सने दोन ऑर्ग, म्हणजे दोन खाती, एकमेकांत मिसळण्याचे बटण दिलेले नाही. झोहोचे अमेरिकेतल्या डेटा सेंटरवर उघडलेले खाते आणि भारतातल्या डेटा सेंटरवरचे खाते ही दोन वेगळी बिऱ्हाडे आहेत. सामान बांधावेच लागते.

या धंद्यात शिकवण म्हणून सांगावी अशी गोष्ट ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेची. ती संपूर्ण बँकिंग यंत्रणेची होती, निव्वळ सीआरएमची नव्हे. पण आराखडा करणाऱ्याने ती तोंडपाठ करावी. लॉइड्समधून वेगळी काढलेली ही बँक २०१५ मध्ये स्पेनच्या सबादेल बँकेने घेतली. घर वेगळे झाले तरी चूल लॉइड्सचीच होती: संगणक यंत्रणा त्यांची आणि तिचे भाडेही त्यांना. ते वाचवण्यासाठी सबादेलच्या यंत्रणेवर बेतलेली नवी यंत्रणा उभारली गेली आणि एप्रिल २०१८ मधल्या एका शनिवार-रविवारी सुमारे ५२ लाख ग्राहक तिच्यावर हलवले गेले. पुढे जे झाले ते सर्वश्रुत आहे. लोकांना आपलीच खाती उघडेनात, शाखांमध्ये रांगा लागल्या, तक्रारींचा आकडा सव्वादोन लाखांवर गेला. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. सप्टेंबरमध्येच मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले होते. नुकसानभरपाईपोटी ३ कोटी २७ लाख पौंड गेले आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी वर ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला.

पण यातली खरी मेख नियामकांच्याच निष्कर्षात आहे. डेटा व्यवस्थित पोहोचला होता! नोंदी सुखरूप होत्या. कोसळली ती त्यांना वापरायची यंत्रणा. ‘सगळ्या रो गेल्या, काउंट जुळला’ असा मेसेज ग्रुपवर टाकून अंगठे गोळा करणाऱ्यांनी हे वाक्य संगणकाच्या कडेला चिकटवून ठेवायला हरकत नाही. टीएसबीच्या चौकशीत दोन गोष्टींवर बोट ठेवले गेले. एक, जवळजवळ सगळे एकाच घावात हलवण्याचा निर्णय. दुसरी, दोन डेटा सेंटरपैकी भाराची चाचणी एकाच ठिकाणी झाली होती.

याच सुमारास आपल्याकडे दुसऱ्या रीतीने एक काम झाले. १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक आणि मुंबईची देना बँक या दोन्ही बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. कागदावरचे विलीनीकरण एका दिवसात झाले, यंत्रणेचे नाही. विजयाच्या २,१२८ शाखा सप्टेंबर २०२० मध्ये जोडून झाल्या, देनाच्या १,७७० त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. जुने आयएफएससी कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले, म्हणजे विलीनीकरणाला दोन वर्षे होत आली तेव्हा. तोवर जुने कोडही चालत होते. या कामात रांगेत उभे राहावे लागलेल्या खातेदाराचे मत वेगळे असू शकेल. तरी टप्प्याटप्प्याने नेणे आणि जुन्या पत्त्यावर आलेले पत्र काही काळ नव्या घरी पोहोचवणे हे धोरण घेण्यासारखे आहे.

आता ओळखीचा प्रश्न. दोन खात्यांतला ग्राहक एकच आहे, हे कशावरून?

नावावरून म्हणावे तर कुलकर्णी आणि कुळकर्णी, गायकवाडची रोमन लिपीतली चार स्पेलिंगे. एकाने आडनाव आधी लिहिले, दुसऱ्याने शेवटी, तिसऱ्याने वडिलांचे नाव ‘लास्ट नेम’मध्ये कोंबले. गावावरून म्हणावे तर वडगाव कोणते? मावळ, शेरी की बुद्रुक? या घोळावर तोडगा काढणारा माणूस मराठी होता. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. एकाच नावाची गावे, दहा लिप्यांतले पत्ते, अर्धवट अक्षरे यांतून वाट काढायला सहा अंक: पहिला विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा पत्रे निवडणाऱ्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. नावावर विसंबायचे नाही, नावापलीकडची खूण द्यायची, ही त्यातली युक्ती. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, पुढच्या वर्षी अहमदनगरचे अहिल्यानगर. सीआरएमच्या शहरांच्या पिकलिस्टमध्ये आज दोन्ही नावे सुखाने नांदतात आणि एकाच शहराचे दोन अहवाल निघतात. पिनकोड मात्र हलले नाहीत.

म्हणून स्थलांतराच्या आराखड्यात पहिला खर्च खुणेवर करावा. जुन्या खात्यातला नोंद क्रमांक नव्या खात्यात एका स्वतंत्र फील्डमध्ये जपून न्यावा, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा चढवली तर नवी न बनता जुनीच दुरुस्त होते. इथेही एक खड्डा आहे. सेल्सफोर्सचा नोंद क्रमांक दोन रूपांत भेटतो, १५ अक्षरांचा आणि १८ अक्षरांचा. १५ अक्षरी रूपात कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळे धरले जाते. एक्सेलचा व्हीलुकअप तो भेद पाळत नाही. त्याच्या लेखी दोन निराळे ग्राहक एकच ठरतात आणि सांगलीच्या ऑर्डरी सोलापूरच्या गळ्यात पडतात. १८ अक्षरी रूपातली शेवटची तीन अक्षरे नेमकी एवढ्यासाठीच जोडलेली असतात. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांची भानगडच नसल्याने ही चूक मराठी डोळ्याला चटकन दिसत नाही, असा अध्यक्षांचा एक लाडका आणि बिनपुराव्याचा समज आहे.

एक्सेलबद्दल तक्रार करू तेवढी थोडी, पण त्याच्यावाचून एकही स्थलांतर पार पडलेले नाही हेही खरे. कोल्हापूरचा ०२३१ त्यात शिरतो आणि २३१ होऊन बाहेर येतो. ९१ लावलेला बारा अंकी मोबाइल ‘९.१९ई+११’ असा दिसू लागतो आणि तसाच सीएसव्हीत सेव्ह झाला की शेवटचे अंक कायमचे जातात. तारखेतला ३/४ हा कोणाचा ३ एप्रिल, कोणाचा ४ मार्च. मराठी नावे असलेली सीएसव्ही चुकीच्या एन्कोडिंगमध्ये उघडली तर अक्षरांच्या जागी नुसता कचरा दिसतो. उपाय साधा आहे: कॉलम आधीच ‘टेक्स्ट’ करणे आणि फाइल डबलक्लिकने न उघडता इम्पोर्ट करणे. सगळ्यांना तो ठाऊकही असतो. रात्री अकराला, कटओव्हरच्या घाईत, तो कोणालाच आठवत नाही.

आता एकच नोंद जवळून पाहावी. समजा, इचलकरंजीचा एक पंपविक्रेता. नाव ‘पाटील एस. आर. (पंपवाले)’. फोन दोन, त्यातला एक मुलाचा. वर्गवारी ‘बी’. आणि खाली शेऱ्याच्या चौकटीत, सात वर्षांत तीन प्रतिनिधींनी लिहिलेला मजकूर: ‘दुपारी २ ते ४ फोन नको.’ ‘जुने येणे सोडून दिले, विषय काढू नये.’ ‘ऑर्डर मुलगा देतो, पण दर वडिलांशीच बोलावा.’ नव्या खात्यात नाव, फोन, वर्गवारी यांना जागा आहे. शेऱ्याला नाही. मॅपिंगच्या तक्त्यात त्यासमोर ‘लागू नाही’ असे लिहिले जाते आणि पुढल्या सोमवारी दुपारी अडीच वाजता नवा प्रतिनिधी पाटलांना फोन करून जुन्या येण्याची आठवण करून देतो.

तंत्राचे बाकीचे नियम मंडळींना पाठ आहेत, त्यामुळे इथे धावते घेतलेले बरे. आधी घर, मग माणसे, मग व्यवहार: कंपन्या चढवल्याशिवाय संपर्क चढवू नयेत, संपर्कांशिवाय सौदे नाहीत, सौद्यांशिवाय बैठकांच्या नोंदी नाहीत. नोकरी सोडून गेलेल्या प्रतिनिधींच्या नावावरचे ग्राहक कोणाकडे जाणार, हे विक्रीप्रमुखाने लेखी द्यावे. नोंद तयार झाल्याची मूळ तारीख टिकवायची तर ती मुभा चढवण्याआधी मागून घ्यावी लागते. नंतर ती बदलता येत नाही आणि पंधरा वर्षांचा ग्राहक कालचा दिसू लागतो. आपोआप जाणारे मेल आणि एसएमएस बंद करूनच भरणा सुरू करावा. नाहीतर याच पाटलांना ‘आमच्या परिवारात आपले स्वागत’ असा निरोप जातो.

एका बाबतीत मात्र घाई परवडणार नाही. ‘मला फोन करू नका’ असे ज्याने सांगितले आहे त्याची खूण बहुतेक वेळा एका छोट्या चेकबॉक्समध्ये असते. मॅपिंगमध्ये तो सुटला की नव्या खात्यात रिकामा राहतो, आणि रिकामा म्हणजे ‘फोन करा’. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने संमती काढून घेणे हे संमती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे असे म्हटले आहे. ग्राहकाने काढून घेतलेली संमती स्थलांतरात परत उगवत असेल, तर चूक सॉफ्टवेअरची होती हे कोणाला पटवून देणार? ज्या ग्राहकाशी दहा वर्षांत बोलणे झालेले नाही, त्याची नोंद न्यावीच का, हा प्रश्नही इथेच सोडवावा. सामान बांधताना माळ्यावरची रद्दी कोणी ट्रकमध्ये चढवत नाही. विक्रीवाले मात्र चढवतात. ‘असू दे, कधीतरी लागेल’ हे त्यांचे पालुपद.

सगळ्या आराखड्यांत एका कामाला सर्वांत कमी दिवस मिळतात. त्याला ‘युजर टेस्टिंग’ म्हणतात, आणि ते बहुधा शेवटच्या शुक्रवारी दुपारी उरकले जाते. महाराष्ट्राने या कामाला याहून चांगला शब्द आणि चांगली रीत दिलेली आहे. सातबाऱ्याचे संगणकीकरण झाले तेव्हा हाताने लिहिलेला उतारा आणि पडद्यावरचा उतारा यांत फरक पडले: कुठे क्षेत्र चुकले, कुठे वारसाचे नाव गळले. तेव्हा २०१७ मध्ये गावोगावी चावडीवाचन घेतले गेले. तलाठ्याने संगणकातला सातबारा चावडीवर मोठ्याने वाचायचा, खातेदारांनी ऐकायचे आणि चूक असेल तिथे हात वर करायचा. नंतर ‘री-एडिट’ची सोय करून दुरुस्त्या घातल्या गेल्या. ही मोहीम काही निर्दोष नव्हती. तहसील कार्यालयाच्या चकरा अजूनही चालू आहेत. पण जमीन ज्याची त्याच्या कानावर नोंद पडली पाहिजे, ही त्यामागची समज कोणत्याही महागड्या सल्लागाराच्या स्लाइडमध्ये सापडत नाही.

सीआरएममध्ये जमीन कसतो तो विक्री प्रतिनिधी. पडद्यावर हजार ओळींचा तक्ता दाखवून ‘बरोबर आहे ना?’ विचारले तर तो ‘बरोबर आहे’ म्हणणारच, त्याला घरी जायचे असते. त्याच्याच ग्राहकांतल्या पंचवीस नोंदी, शेऱ्यांसकट, शेजारी बसून वाचल्या की तो मध्येच थांबवतो: ‘हे पाटील नव्हेत, त्यांचे चुलते.’ पंचवीस नोंदींना दीड तास लागतो. वीस प्रतिनिधी असतील तर तीस तास. अध्यक्षांची या संमेलनाला एकच मागणी आहे: हे तास आराखड्यात भरण्याच्या आधी यावेत, सँडबॉक्समध्ये चढवलेल्या नोंदींवर, आणि त्यांचा निकाल लागेपर्यंत गो-लाइव्हची तारीख कोणाही साहेबाने जाहीर करू नये. जुन्या खात्याचे लायसन्स त्यानंतर निदान एक तिमाही, केवळ वाचण्यापुरते का होईना, चालू ठेवावे. त्याचे पैसे मागताना वित्त विभाग कपाळाला आठ्या घालील. तेव्हा टीएसबीच्या दंडाचा आकडा रुपयांत करून समोर ठेवावा.

जेवणानंतरच्या सत्रात भाषणे नाहीत. प्रत्येकाला आपल्या जुन्या खात्यातल्या दहा नोंदी, नाव आणि फोन झाकून, छापून आणायला सांगितल्या होत्या. त्या जोडीजोडीने मोठ्याने वाचायच्या आहेत. ज्यांनी आणल्या नसतील त्यांच्यासाठी दाराशी काही कोऱ्या मॅपिंगच्या शीट ठेवल्या आहेत. तिसऱ्या कॉलममध्ये ‘लागू नाही’ लिहायच्या आधी शेजाऱ्याला एकदा विचारावे. चहा चार वाजता.