नांदूरघाट येथील पूर-गाळ परिषद: स्वागताध्यक्षांचे भाषण



ज्या बालाघाटावर पावसाची वाट पाहण्यातच माणसाचे अर्धे आयुष्य सरते, तेथे महापुरातील तरंगत्या गाळाचे गणित मांडणारी परिषद भरावी, याचे नवल गावात कित्येकांनी बोलून दाखविले. परंतु पाटोदा तालुक्याच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा जेव्हा क्वचित रागावते, तेव्हा आमची काळी माती बांधासकट उचलून नेते, हे ज्यांनी पाहिले, त्यांना नवल वाटू नये.

आता जिल्ह्याचा अभिमान. मुर्तजा निजामशहाच्या अमदानीत, १५८२ च्या सुमारास, जहागीरदार सलाबतखानाने बीड येथे खजाना बावडी बांधविली, हे सर्वश्रुत आहे. पण भूगर्भातील बोगद्यांतून पाणी आणून, केवळ उताराच्या हिशेबावर, मोटेवाचून ते शेतांपर्यंत पोहोचविण्याची योजना ज्याच्या बुद्धीतून निघाली, त्या राजा भास्कराचे नाव मी येथील शाळेत विचारले, तर एकाही मुलाला सांगता आले नाही! दिल्लीदरबारी असता तर त्याच्यावर बखरी निघाल्या असत्या. त्याच्याविषयी मी आणखी तासभर बोललो असतो. पण अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे.

तेव्हा विषयाला धरून एवढेच. हैदराबाद संस्थानाने नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली १९२३ ते १९३१ या काळात याच मांजरेवर निजामसागर बांधला; तो अंदाजापेक्षा फार वेगाने गाळाने भरला आणि अर्धशतकाच्या आत त्याची निम्म्याहून अधिक साठवण गेली. ती माती वरच्या अंगाची, म्हणजे थोडीफार आमचीही. पाणी तेवढेच असले, तरी चढत्या पुरात जेवढा गाळ असतो तेवढा ओसरत्या पुरात बहुधा नसतो, म्हणून पाण्याच्या मापावरून गाळाचा सरळ तक्ता मांडणारे फसतात, असे तज्ज्ञ सांगतात. पहिल्या लोंढ्याचा रंग पाहून आमचे म्हातारेही हेच म्हणत. मात्र त्यांच्यापाशी आकडा नव्हता, आणि आकड्यावाचून सरकारदरबारी अर्ज चालत नाही. तो आकडा आपण द्यावा.

व्यवस्थेतील उणिवांची मात्र पदर पसरून क्षमा मागतो. निम्मे गाव कोयता घेऊन कारखान्यांवर गेल्याने स्वयंसेवक थोडे. निवास शाळेच्या खोल्यांत, गाद्या चार घरच्या. स्नानाचे पाणी टँकरचे, म्हणून बेताने वापरावे, ही विनंती मला जिवावर येऊन करावी लागते. मंडप देणारे अडते, ज्वारी देणारे शेतकरी, पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या आयाबहिणी, आणि नाव सांगू नका असे बजावून किराणा पोहोचता करणारे ते सद्गृहस्थ, या सर्वांचे ऋण मोठे आहे. भोजनोत्तर धनेगावचे मांजरा धरण पाहावयास जीपगाड्या शाळेच्या फाटकाशी उभ्या राहतील. जागा मोजक्या असल्याने नावे आताच नोंदवावीत.