सभा बोलावणारा माणूस



सभेत भाषण ठोकणारा सगळ्यांना दिसतो. हारही त्याच्याच गळ्यात पडतो. पण सभा बोलावली कुणी? खात्याखात्यांतून निरोप कुणी फिरवला, पाळी सुटायची वेळ कुणी हेरली, सतरंज्या कुणी वाहिल्या? आज आम्ही त्या माणसाबद्दल बोलणार आहोत.

मुंबईच्या गिरणीकामगारांना असं एकत्र बोलावलं ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधू’चे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले. सरकारने फॅक्टरी कमिशन नेमलं होतं. त्याच्यापुढे कामगारांचं गाऱ्हाणं जावं म्हणून १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळ भागात सभा घेतल्या. मागण्या काय? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, कामात जखमी झालेल्याला भरपाई. अर्जावर ५,५०० सह्या पडल्या.

आता विचार करा. ज्यांना आठवड्याची सुट्टीच नाही, उजाडल्यापासून मावळेपर्यंत जे साच्यापुढे उभे, त्यांची सभा भरवायची तरी कधी? आणि अर्जावर नाव घालायचं म्हणजे जॉबरच्या डोळ्यांवर येणं! ही भीती व्यासपीठावरून गर्जून जात नाही. ती घालवायला एकेका खोलीत बसून समजूत घालावी लागते. आमच्या मते बोलावणाऱ्याचं निम्मं काम सभेच्या आधीच झालेलं असतं.

१८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे १०,००० कामगार जमले. तिथे दोन कामगार बायका बोलल्या. १८९० साली, भर मैदानात! नाहीतर आमच्यातलेच काही शहाणे बायांना मागच्या सतरंजीवर बसवतात आणि ‘भगिनींचाही पाठिंबा आहे’ असं परस्पर सांगून मोकळे होतात. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. रविवारची सुट्टी मिळाली ती अशी!

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लोखंड्यांच्या मिल हँड्स असोसिएशनला सभासदांची यादी नव्हती, फंड नव्हता, लेखी नियम नव्हते. सारा भार एका माणसाच्या खांद्यावर. १८९७ साली प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करताना तो माणूस गेला आणि मागे संघटना काही टिकली नाही. यात दोष त्यांचा कसला? वही धरायला दुसरे हात पुढे आले नाहीत.

म्हणून बोलावणारा निवडताना त्याचा आवाज पाहू नका, वही पाहा. कोण आलं, कुठल्या खात्यातून कुणीच आलं नाही, ठराव कोणता झाला, काम कुणी अंगावर घेतलं, वर्गणी किती जमली, सगळं त्यात हवं. पुढच्या सभेत भाषणांच्या आधी ती वही मोठ्याने वाचून दाखवायची. आणि वही एकाच्याच ट्रंकेत ठेवायची नाही. तिची नक्कल दुसऱ्या पाळीतल्या माणसाकडे हवी, म्हणजे एकाला कामावरून काढलं तरी पुढची सभा ठरल्या दिवशी भरेल.