ग्रीस लांब आहे, टाउन हॉल नाही

आज फिरायचा विषय.

दिवाळीत ग्रीसला जायचं असं आम्ही तिघा मित्रांनी ठरवलं होतं. अथेन्स, डेल्फी, ऑलिंपिया, भाड्याची गाडी, पाच दिवस. मी रीतसर एक्सेल शीट केलं. विमान तिकिटांचा कॉलम भरला आणि ग्रुप शांत झाला. एकाचं होम लोन, एकाचं लग्न. विषय संपला.

त्याच आठवड्यात आई म्हणाली, "मला कार्ल्याच्या एकवीरेला ने की. किती वर्षं नुसतं म्हणतोयस." तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. त्याआधी तिला त्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढायच्यात.

कार्ला म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. एकवीरेच्या देवळाला लागूनच तिथलं मोठं चैत्यगृह आहे, साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. त्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यातले बरेच स्वतःला 'यवन' म्हणवतात, धेनुकाकट गावचे. यवन म्हणजे मुळात आयोनियन, ग्रीक. पण नावं बघा: सिंहध्वज, धम्म! पूर्ण इथलीच. त्यामुळे हे सगळे थेट ग्रीसहून आलेले, असं मी म्हणणार नाही. नंतर यवन हा शब्द पश्चिमेकडच्या परदेशी लोकांसाठी सरसकट वापरला जायचा.

पण ट्रिपची सुरुवात घराजवळूनच. आपल्या टाउन हॉल म्युझियममध्ये पॉसायडनची छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, सापडला कुठं? पंचगंगेकाठी, ब्रह्मपुरीच्या टेकाडावर! तिथं १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं, सातवाहनांच्या काळातली वस्ती निघाली. मूर्ती घडण ग्रीक, काळ रोमन, व्यापारातून आलेली. म्हणजे ग्रीक लोक रंकाळ्यावर भेळ खात होते असं समजू नका. शाळेच्या सहलीत मी तिच्यासमोरून गेलोय, पण सगळं लक्ष बाहेरच्या तोफांवर.

आता प्लॅन. माझ्या पहिल्या व्हर्जनमध्ये दोन दिवसांत कराडची आगाशिव लेणी, कार्ला, भाजे, बेडसे, जुन्नर, नाणेघाट, सगळं कोंबलेलं होतं. मॅप्स म्हणतं जमतंय. मॅप्सला आईचे गुडघे माहीत नाहीत.

मग कापाकापी केली. जुन्नर काढताना जीव तुटला, कारण तिथंही यवनांची दानं आहेत. कुणी पाण्याची टाकी दिली, कुणी भोजनमंडप. नाणेघाट तर बंदरांवरून माल वर यायची वाट. पण ती दुसरी ट्रिप, मित्रांबरोबर.

उरलं ते असं. शुक्रवारी ऑफिसमधून लवकर सुटून टाउन हॉल. शनिवारी सहाला निघायचं, हायवेनं पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, मधे दोन थांबे. कार्ल्याला दुपारी तीनच्या सुमारास पोचायचं, कारण चैत्य पश्चिमाभिमुख आहे, उजेड दुपारनंतर आत येतो. अक्षरं खोल नाहीत, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला की उठून दिसतात. हात लावू नका फक्त. रविवार टाळला, एकवीरा कोळी बांधवांची कुलदेवी, सुट्टीला तुडुंब गर्दी असते. मुक्काम लोणावळ्यात.

आईला पॉसायडनचं सांगितलं. म्हणाली, "समुद्राचा देव आणि कोळ्यांची देवी एकाच ट्रिपला, बरं झालं." मग अट घातली: आधी दर्शन, मग तुझे खांब. आणि पायऱ्यांवर घाई करायची नाही. त्यासाठी शीटमध्ये दीड तास ठेवलाय.