जुळ्या पोटांची होडी

२०२३ साली कोचीत वॉटर मेट्रो सुरू झाली. तिच्या होड्या अ‍ॅल्युमिनियमच्या, जुळ्या पोटांच्या, म्हणजे कॅटॅमरान. हा शब्द तामिळ ‘कट्टुमरम्’चा, बांधलेल्या ओंडक्यांचा. सडपातळ पोटांना पाणी कापण्यास जोर कमी लागतो. बॅटरीच्या होडीला हे मानवते. जड माल न्यायचा तर मात्र एका पोटाचीच बरी. जुळी ओझ्याने लवकर दबते.

आणि बांधताना? एका पोटाला दोन बाजू, जुळ्याला चार, वर त्यांना जोडणारा पूल. पत्रा वाढतो, त्याहून जोड वाढतात. लांबीच्या फुटावर भाव काढणारे इथेच फसतात. शिवाय अ‍ॅल्युमिनियम हट्टी. ओल वा तेलकटपणा राहिला, की जोडात छिद्रे पडतात.

म्हणून अंदाजपत्रक हाती आले, की आम्ही आधी वेल्डरचे तास पाहतो. एका पोटाचे तास जुळ्या होडीला लावलेले कागद आम्ही पाहिले आहेत. पत्र्याचा भाव कारखानदाराच्या हाती नसतो, तास असतात.